पोलिसी हिंसेची किंमत कोण मोजतो?

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड हा ४६ वर्षांचा कृष्णवर्णीय इसम पोलिसांच्या हातून मरण पावला. वीस डॉलरची एक बनावट नोट त्याने दुकानात दिली, एवढाच त्याच्यावर संशय होता. हातांत बेड्या घालून रस्त्यावर पालथ्या पाडलेल्या या माणसाच्या मानेवर एका पोलिसाने नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा रोवून ठेवला. घटनेनंतर पोलीस खात्याने जे पत्रक काढले, त्यात गुडघ्याचा उल्लेख नव्हता. पोलिसांशी संबंध आला असता प्रकृती बिघडून एक इसम दगावला, एवढीच त्यातील माहिती. सतरा वर्षांच्या एका मुलीने ते दृश्य आपल्या फोनवर टिपले नसते, तर बहुधा ते पत्रकच या प्रकरणातील अखेरचा कागद ठरले असते.

पुढे जे घडले ते सर्वस्वी अपवादात्मक होते. एप्रिल २०२१ मध्ये त्या पोलिसावर खुनाचा आरोप सिद्ध झाला आणि जूनमध्ये त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी मार्चमध्येच शहराने फ्लॉइडच्या कुटुंबाशी २ कोटी ७० लाख डॉलरची तडजोड केली होती. न्याय झाला, असे जगाने मानले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र येथे एक साधा प्रश्न पडावयास हवा: हे पैसे दिले कोणी? ते शहराच्या तिजोरीतून गेले. म्हणजे मिनियापोलिसच्या करदात्यांनी दिले. त्या करदात्यांत फ्लॉइडसारखे कृष्णवर्णीय नागरिकही होते, हे सांगावयास नको.

याच पोलिसाने सप्टेंबर २०१७ मध्ये चौदा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाच्या डोक्यावर विजेरीने प्रहार करून त्यालाही गुडघ्याखाली बराच वेळ दाबून धरले होते. पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्यांत त्याचे चित्रण झालेले होते. तरीही त्याची नोकरी गेली नाही. उलट नव्या भरतीच्या पोलिसांना प्रत्यक्ष कामाचे शिक्षण देण्याची जबाबदारी त्याच्याकडे राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये त्याने या मुलाबाबतचा गुन्हाही न्यायालयात कबूल केला आणि २०२३ मध्ये शहराने त्या प्रकरणी ७५ लाख डॉलर मोजले. २०१७ साली जाब विचारला गेला असता, तर २०२० सालचा मृत्यू टळण्याचा संभव होता. पोलिसी हिंसेच्या जबाबदारीचा प्रश्न आहे तो हाच. शिक्षा कधी तरी एखाद्याला होते. पण हिंसेची किंमत जो करतो त्याच्यावर, त्याला पाठीशी घालणाऱ्या वरिष्ठांवर आणि त्यांच्या खात्यावर कधी पडतच नाही. ज्या कृत्याची किंमत कर्त्याला मोजावी लागत नाही ते कृत्य वारंवार घडते, हा आमच्या शास्त्रातील अगदी प्राथमिक सिद्धांत आहे.

मोजदादच नाही

जबाबदारीची पहिली पायरी म्हणजे हिशेब. अमेरिकेत पोलीस यंत्रणा एकसंध नाही. सुमारे अठरा हजार लहानमोठी स्वतंत्र खाती तेथे आहेत. गव्हाच्या पिकापासून गृहबांधणीपर्यंत प्रत्येक गोष्टीची आकडेवारी ठेवणाऱ्या त्या देशात, पोलिसांच्या हातून वर्षाकाठी किती माणसे मरतात याची विश्वसनीय सरकारी नोंद मात्र नव्हती. २०१५ पासून ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकाने स्वतःच ही नोंद ठेवण्यास प्रारंभ केला, तेव्हा आढळले की, केवळ पोलिसांच्या गोळीने दरवर्षी सुमारे एक हजार माणसे मरतात, आणि केंद्रीय तपास खात्याच्या दप्तरी यांपैकी निम्मीदेखील नोंदली जात नाहीत. कृष्णवर्णीयांचे लोकसंख्येतील प्रमाण सुमारे चौदा टक्के. पण लोकसंख्येच्या मानाने पाहता त्यांच्या मृत्यूचे प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक. जे काम सरकारचे होते ते एका वृत्तपत्राला दहा वर्षे करावे लागले, यातच पुष्कळ काही आले.

कायद्याची ढाल

दुसरी पायरी न्यायालयाची. अमेरिकेत यादवी युद्धानंतर, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर दक्षिणेत जे अत्याचार होत होते आणि ज्यांकडे स्थानिक अधिकारी डोळेझाक करीत होते, त्यांना आळा घालण्यासाठी १८७१ साली एक कायदा झाला. सरकारी अधिकारी घटनादत्त हक्कांचा भंग करील तर नागरिकास त्याच्यावर दावा लावता येईल, अशी तरतूद त्यात होती. हे कलम सुमारे नव्वद वर्षे जवळजवळ निद्रिस्त राहिले. शिकागोत तेरा पोलीस एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात भल्या पहाटे घुसले व त्यांनी पतिपत्नीस विवस्त्र उभे केले. त्या प्रकरणी १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला तेव्हा ते जागे झाले.

परंतु दार उघडले न उघडले तोच त्यास अडसर घालण्याचे काम सुरू झाले. १९६७ साली त्याच न्यायालयाने ‘सद्हेतूने’ वागणाऱ्या पोलिसास बचावाची वाट दिली. मिसिसिपी राज्यातील बसस्थानकावर केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या जागेत एकत्र बसू पाहणाऱ्या गोऱ्या व कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना झालेली अटक हे त्या खटल्याचे निमित्त होते. १९८२ साली ही वाट आणखी रुंद झाली. भंग झालेला हक्क त्या वेळी ‘स्पष्टपणे प्रस्थापित’ झालेला असल्याखेरीज अधिकाऱ्यास वैयक्तिक भरपाई द्यावी लागू नये, असे सूत्र न्यायालयाने घालून दिले. याचा व्यवहारातील अर्थ असा की, अगदी तशाच परिस्थितीत, अगदी तसेच कृत्य पूर्वी बेकायदा ठरलेले असावयास हवे. असा पूर्वनिर्णय नसेल तर दावा फेटाळला जातो. आणि दावा फेटाळला गेल्यामुळे पुढील फिर्यादीसाठीही पूर्वनिर्णय तयार होत नाही. अंगण नसेल तर नाचता येत नाही, आणि नाचल्याखेरीज अंगण मिळत नाही, अशी ही अवस्था आहे.

शून्य पूर्णांक दोन शतांश टक्के

इतके करूनही जे दावे फिर्यादी जिंकतात, त्यांत तरी पोलिसाच्या खिशाला झळ लागते काय? कॅलिफोर्नियातील कायद्याच्या प्राध्यापिका जोआना श्वार्ट्झ यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेले संशोधन या बाबतीत डोळे उघडणारे आहे. २००६ ते २०११ या काळात अमेरिकेतील ४४ मोठ्या पोलीस खात्यांविरुद्ध फिर्यादींच्या बाजूने निकाली निघालेल्या सुमारे ९,२०० दाव्यांत मिळून ७३ कोटी डॉलरहून अधिक भरपाई दिली गेली. त्यांपैकी पोलिसांनी स्वतः दिलेला वाटा ०.०२ टक्के भरला. म्हणजे हजार डॉलरमागे वीस सेंट. उरलेला सर्व भार शहरांनी उचलला.

शहराने उचलला म्हणजे पोलीस खात्याने उचलला, असेही नाही. पुष्कळ ठिकाणी ही रक्कम खात्याच्या अंदाजपत्रकातून न जाता शहराच्या सर्वसाधारण निधीतून जाते. शिकागोसारख्या शहराने तर अशा भरपाईसाठी कर्जरोखे काढले आहेत. म्हणजे आजच्या पोलिसाने केलेल्या मारहाणीचे मुद्दल आणि त्यावरील व्याज उद्याची पिढी फेडणार. ज्या वस्तीतील मुलांना लाठी खावी लागली, त्याच वस्तीतील वाचनालय आणि दवाखाना या व्याजापायी उपाशी राहावयाचा. नुकसान करणारा एक आणि ते सोसणारा दुसरा, याचे याहून लख्ख उदाहरण मला वर्गात देता येणार नाही.

पैसे देऊन तोंड बंद करण्याचाही प्रघात आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये शिकागोत लॅक्वान मॅकडॉनल्ड या सतरा वर्षांच्या मुलावर एका पोलिसाने सोळा गोळ्या झाडल्या. मुलगा चाकू घेऊन अंगावर आला, असे पोलिसांचे म्हणणे. चित्रफितीत तो दूर जाताना दिसत होता. दावा दाखल होण्यापूर्वीच एप्रिल २०१५ मध्ये शहराने कुटुंबाला ५० लाख डॉलर मंजूर केले. चित्रफीत मात्र न्यायालयाने हुकूम दिल्यावर, घटनेनंतर तेरा महिन्यांनी बाहेर आली, आणि त्याच दिवशी त्या पोलिसावर खटला भरला गेला. याच शहरात जॉन बर्ज या अधिकाऱ्याने व त्याच्या हाताखालील मंडळींनी १९७२ ते १९९१ या काळात शंभराहून अधिक कृष्णवर्णीयांचा कोठडीत छळ केला. विजेचे धक्के देऊन कबुलीजबाब घेतले. छळाच्या गुन्ह्याची मुदत टळून गेल्याने बर्जला २०१० साली शिक्षापात्र ठरविले गेले ते खोटी साक्ष दिल्याबद्दल. त्याचे निवृत्तिवेतन अखेरपर्यंत चालू राहिले, कारण ते बंद करण्याच्या प्रश्नावर निवृत्तिवेतन मंडळात चार विरुद्ध चार अशी मते पडली.

नोकरीचे अभय

न्यायालय नाही, निदान खाते तरी शिस्त लावील, ही आशाही फोल ठरते. क्लीव्हलंड शहरात २२ नोव्हेंबर २०१४ रोजी टॅमिर राइस हा बारा वर्षांचा मुलगा खेळण्यातील पिस्तूल घेऊन बागेत खेळत असता एका पोलिसाने गाडीतून उतरताक्षणीच त्याला गोळी घातली. हा पोलीस या कामास अपात्र असल्याचा शेरा त्याच्या पूर्वीच्या पोलीस खात्याने मारला होता. क्लीव्हलंडने ती फाइल पाहिलीच नव्हती. ग्रँड ज्युरीने त्याच्यावर आरोप ठेवला नाही. २०१७ साली तो बडतर्फ झाला, परंतु गोळीबारासाठी नव्हे. नोकरीच्या अर्जात खोटी माहिती भरल्याबद्दल. शहराने ६० लाख डॉलर दिले होतेच.

पोलिसांच्या संघटना आणि शहरे यांच्यातील करारांमुळे बडतर्फीवर लवादाकडे दाद मागता येते. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१७ साली दाखवून दिले की, मोठ्या खात्यांनी २००६ पासून गैरवर्तनासाठी काढून टाकलेल्या १,८८१ पोलिसांपैकी साडेचारशेहून अधिकांना पुन्हा कामावर घ्यावे लागले. न्यूयॉर्क राज्यात १९७६ च्या एका कायद्याने पोलिसांच्या शिस्तभंगाच्या नोंदी गुप्त ठेवल्या होत्या. तो कायदा रद्द होण्यास जून २०२० उजाडावा लागला. कामगारांच्या संघटना असाव्यात, त्यांनी सभासदांचे पगार व रजा यांसाठी झगडावे, याबद्दल प्रस्तुत लेखकाच्या मनात किंतु नाही. परंतु नागरिकावर शस्त्र चालविण्याचा अधिकार हा वेतनश्रेणीसारखा वाटाघाटीचा विषय नव्हे.

दंड हेच उत्पन्न

हिंसेची किंमत पोलीस मोजत नाहीत, हे झाले एक अंग. काही ठिकाणी तर जाचातून लाभ होतो. ऑगस्ट २०१४ मध्ये मिसुरी राज्यातील फर्ग्युसन या सुमारे एकवीस हजार वस्तीच्या गावी मायकेल ब्राउन हा तरुण पोलिसाच्या गोळीने मेला आणि गाव पेटले. केंद्रीय न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये दोन अहवाल दिले. त्या विशिष्ट गोळीबाराबद्दल खटला भरण्याइतका पुरावा नाही, असे पहिल्यात म्हटले होते. दुसरा संपूर्ण पोलीस खात्याविषयी होता आणि तो वाचताना हा पोलीस खात्याचा अहवाल की एखाद्या वसुली कचेरीचा, असा प्रश्न पडतो.

२०१५ या वर्षी फर्ग्युसनने सर्वसाधारण उत्पन्नाचा जो अंदाज बांधला होता, त्यातील १ कोटी ३२ लाख डॉलरपैकी सुमारे ३१ लाख डॉलर दंड आणि न्यायालयीन शुल्क यांतून यावयाचे होते. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. दंडाच्या चिठ्ठ्या वाढल्या नाहीत तर वसुलीचे लक्ष्य गाठता येणार नाही, असे अर्थाधिकारी पोलीसप्रमुखास लेखी कळवीत होता. गावात कृष्णवर्णीय ६७ टक्के. पण रस्त्यात अडविलेल्या वाहनचालकांत ते ८५ टक्के आणि अटक झालेल्यांत ९३ टक्के. गाडीच्या दंडाची तारीख चुकली की वॉरंट, वॉरंट निघाले की अटक, अटक झाली की आणखी दंड. पोलीस आणि नागरिक यांच्या एवढ्या निष्कारण गाठी पडल्यावर त्यांतील काही रक्तरंजित होणे हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

दुसरी बाजू

पोलिसांच्या बाजूने जे म्हटले जाते, त्याचाही विचार करावयास हवा. अमेरिकेत माणसांहून बंदुका अधिक आहेत. रात्री एखादी गाडी अडविणाऱ्या पोलिसास समोरच्याच्या खिशात काय आहे हे ठाऊक नसते. निर्णय क्षणार्धात घ्यावा लागतो. प्रत्येक चुकीसाठी घरदार विकावे लागणार असेल तर या नोकरीत येणार कोण? हा आक्षेप गंभीर आहे. पण शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरलाही क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो, आणि तरीही निष्काळजीपणाच्या दाव्यापासून त्याला कोणी मुक्त करीत नाही. तो विमा उतरवितो. शिवाय बेड्या घातलेल्या माणसाच्या मानेवरील नऊ मिनिटांत क्षणार्धाचा निर्णय कोणता होता?

दुसरे असे म्हणतात की, हा सारा काही वाईट गोऱ्या पोलिसांचा प्रश्न आहे. जानेवारी २०२३ मध्ये मेम्फिस शहरात टायरी निकोल्स या कृष्णवर्णीय तरुणाला पाच पोलिसांनी बेदम मारले व तीन दिवसांनी तो मरण पावला. ते पाचही पोलीस कृष्णवर्णीय होते. भरती बदलली तरी ज्या वस्तीत बळ वापरल्याचा जाब कोणी विचारीत नाही ती वस्ती कोणती, हे गणवेश घालणारा प्रत्येक जण लवकरच शिकतो, असा याचा अर्थ आहे.

पोलीसच नकोत, अशी घोषणाही २०२० साली झाली. पण मिनियापोलिसच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस खाते मोडून नवे खाते उभारण्याचा प्रस्ताव नाकारला. गुन्ह्यांची झळ ज्यांना अधिक लागते त्या गरीब वस्त्यांना संरक्षण हवेच असते. संरक्षण करणाऱ्याने उत्तर द्यावे, एवढीच त्यांची अट आहे.

काय मागावयाचे?

चौकशी समित्यांना अमेरिकेत तोटा नाही. १९६७ च्या दंगलींनंतर नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ साली स्पष्ट बजावले होते की, देश दोन विषम समाजांत विभागला जात आहे. त्या आयोगापुढे मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी सांगितले होते की, १९१९ चा शिकागोचा, १९३५ चा हार्लेमचा असे सगळे अहवाल आपण वाचले आहेत आणि तेच विश्लेषण, त्याच शिफारशी व तीच निष्क्रियता त्यांत पुनःपुन्हा दिसते. १९९१ साली लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग यास झालेली मारहाण, १९९२ साली आरोपी पोलिसांची सुटका व त्यानंतरची दंगल, या घटनांनंतर १९९४ च्या कायद्याने केंद्रीय न्याय खात्याला पोलीस खात्यांवर न्यायालयामार्फत देखरेख आणण्याचा अधिकार मिळाला. हे हत्यार उपयोगी पडले. पण ते वॉशिंग्टनमधील सत्तेच्या मर्जीवर चालते. मे २०२५ मध्ये त्या खात्याने मिनियापोलिस आणि लुईव्हिल या दोन्ही शहरांबाबतचे प्रस्तावित करार सोडून दिले. लुईव्हिल म्हणजे जेथे २०२० साली ब्रिओना टेलर या तरुणीचा तिच्या घरात पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला ते शहर. फ्लॉइडच्या नावाने मांडलेले सुधारणा विधेयक प्रतिनिधिगृहात दोनदा संमत झाले आणि सिनेटमध्ये अडून राहिले.

म्हणून ज्या उपायांनी किंमत कर्त्यापर्यंत पोहोचते, त्यांचा आग्रह धरावयास हवा. कोलोरॅडो राज्याने जून २०२० मध्येच ते करून दाखविले. राज्याच्या कायद्याखालील दाव्यांत तेथे ‘स्पष्टपणे प्रस्थापित’ हक्काची ढाल चालत नाही, आणि सद्हेतूने न वागलेल्या पोलिसास भरपाईच्या पाच टक्के किंवा २५ हजार डॉलर, यांत जी रक्कम कमी ती स्वतः द्यावी लागते. ही रक्कम कोणाचे घर बुडविणारी नाही. पण हात उगारण्यापूर्वी विचार करावयास लावणारी आहे. भरपाई खात्याच्या अंदाजपत्रकातून वळती झाली, तर पोलीसप्रमुखही तक्रारींची फाइल उघडून पाहील. कॅलिफोर्नियातील मेवूड या छोट्या गावाचा विमा दाव्यांच्या ओझ्यामुळे काढून घेतला गेला, तेव्हा २०१० साली गावाला आपले पोलीस खातेच बंद करावे लागले. न्यायालयांना जे साधले नाही ते विमा पुरविणाऱ्यांनी केले, कारण त्यांना प्रत्येक लाठीची किंमत दिसत होती. त्याजोडीला मृत्यूंची सक्तीची सरकारी नोंद, शिस्तभंगाच्या खुल्या नोंदी, एका गावात बडतर्फ झालेल्यास दुसऱ्या गावात नोकरी मिळू न देणारी व्यवस्था, आणि रोज पोलिसांबरोबर काम करणाऱ्या स्थानिक वकिलाऐवजी स्वतंत्र अभियोक्ता, या मागण्याही अटळ आहेत.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा, असे म्हणून वाचकाने पान उलटू नये. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामा राज्यातील मॅडिसन गावी मुलाकडे राहावयास गेलेले सत्तावन्न वर्षांचे एक गुजराती गृहस्थ सकाळी फिरावयास निघाले होते. कोणी तरी पोलिसांना फोन केला की, एक सडपातळ कृष्णवर्णीय माणूस घरांकडे पाहत हिंडत आहे. इंग्रजी न येणाऱ्या या वृद्धाला पोलिसाने असे जमिनीवर आपटले की त्यांच्या मणक्याला इजा होऊन अंग लुळे पडले. दोन वेळा ज्युरींचे एकमत झाले नाही व जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी पोलिसास निर्दोष सोडले. कृष्णवर्णीय समजले गेल्यास काय होते, याची ही प्रचीती.

आणि महाराष्ट्राचे या इतिहासाशी नाते याहूनही जुने आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे स्थापन झालेल्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षाचे पहिले काम होते पोलिसांच्या गाड्यांमागून फिरण्याचे आणि अटक होत असता कायदेशीर अंतरावर उभे राहून नागरिकास त्याचे हक्क सांगण्याचे. सहा वर्षांनी मुंबईत ज्या तरुणांनी ‘दलित पँथर’ उभी केली, त्यांनी हे नाव जाणीवपूर्वक घेतले. दूरच्या एका समाजाच्या अनुभवात त्यांना आपला अनुभव दिसला होता. त्या ओकलंडच्या तरुणांनी जे काम केले, तेच मिनियापोलिसच्या त्या मुलीने फोन हाती धरून केले. तिने साक्ष दिली. मात्र दर वेळी अशी एखादी मुलगी तेथे उभी असेल, या भरवशावर कोणत्याही लोकशाहीने आपली न्यायव्यवस्था सोडून देऊ नये. हिशेब ठेवण्याचे आणि तो चुकता करण्याचे काम ज्यांच्या हाती लाठी आणि बंदूक दिली आहे त्यांचे आहे, आणि ते त्यांच्याकडून करवून घेणे हे त्यांना पगार देणाऱ्या नागरिकांचे.